नानासाहेबांनी बंद केलेली धार

नानासाहेब पठाडेंना डोंगर आवडत नसत. डोंगरानं त्यांचं काही घोडं मारलं होतं असं नाही. पण नानासाहेबांना एखादी गोष्ट न आवडायला कारण लागत नसे. कारण लागायचं ते आवडायला, आणि ते बासष्ट वर्षांत फारसं सापडलं नव्हतं. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. आलेला माल उघडायचा, त्यातली खोट काढायची आणि परत पाठवायचा, ह्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. रिटायर झाल्यावर माल यायचा बंद झाला, पण सवय थोडीच जाते. मग त्यांनी जावई तपासला, शेजारी तपासले, कोपऱ्यावरचं नवं किराणा दुकान तपासलं आणि सगळ्यांना नापास करून टाकलं.

समोरच्या घरातले कारभारी वाकळे गेल्या वर्षी सहकुटुंब मनालीला जाऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी अख्ख्या गल्लीला फोटो बघायला बोलावलं. नानासाहेब गेले. चहा प्यायले, चिवडा खाल्ला, दोनशे फोटो बघितले आणि घरी येऊन अंगणात खुर्ची टाकून जे बोलत सुटले ते जेवणाचं ताट येईपर्यंत. बर्फच बघायचा होता तर फ्रीज उघडायचा. माणसं इथं घरात बसून शेंगदाणे खातात आणि एकमेकांवर चिडतात, तेच तिथं जाऊन स्वेटर घालून करतात. डोंगर म्हणजे काय, तर देवाला सपाट करायला सवड झाली नाही ती जमीन. आणि आपल्याकडं नाहीत का डोंगर? दौलताबाद आहे, म्हैसमाळ आहे. तिथं चला म्हटलं की वाकळ्यांचे गुडघे दुखतात, आणि मनालीत जाऊन हाच माणूस घोड्यावर बसतो. दुरून डोंगर साजरे हे आपल्या म्हाताऱ्यांनी काय उगाच म्हणून ठेवलंय? आत साळूबाई, म्हणजे नानासाहेबांची बायको, भाकरी थापता थापता हूं हूं करत होती. ती काय ऐकत होती ते तिचं तिला ठाऊक.

तर अशा माणसाला त्याच्या पोटच्या पोरीनंच डोंगरावर पाठवलं. प्रेरणा पुण्यात नोकरीला. आईबापाच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून तिनं परस्पर विमानाची तिकिटं काढली, उत्तरेकडच्या कुमाऊंमधल्या एका गावात कुणा बाईच्या घरी चार रात्रींसाठी खोली ठरवली आणि मग घरी फोन केला. आधी विचारलं असतं तर नाना नाहीच म्हणाले असते, एवढी ती बापाला ओळखून होती. नाना म्हणाले, तिकिटं परत होतात का बघ. होत नव्हती. फुकट गेलेली वस्तू नानासाहेबांना डोंगरापेक्षाही सहन होत नसे, म्हणून ते तयार झाले. साळूबाईनं एकच विचारलं, मधे पाण्याचा दिवस येतो का.

हे बाहेरच्या माणसाला सांगायला लागतं. ह्या शहरात नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. कधी दहाव्या दिवशी येतं, कधी पहाटे, कधी भरदुपारी, आणि ज्या घरात त्या वेळी बाईमाणूस हजर नसतं त्या घरानं पुढचे आठ दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांपुढं बादली घेऊन उभं राहायचं. साळूबाईचं सगळं आयुष्य त्या दिवसाभोवती बांधलेलं होतं. गल्लीत पाण्याचा व्हॉल सोडणाऱ्या रामकिसनचा नंबर तिच्या फोनमध्ये पोरीच्या नंबराच्या वर होता. हळद असो, बारसं असो, तेराव्याचं जेवण असो, पाण्याच्या दिवशी आलं तर साळूबाई जायची नाही. बावीस वर्षांत ह्या घराचा एक पाण्याचा दिवस तिच्यावाचून गेला नव्हता. नानासाहेबांना ह्यातलं एवढंच माहीत होतं की घरात पाणी असतं.

प्रेरणानं तेही बघून ठेवलं होतं. गुरुवारी पाणी, शुक्रवारी विमान, पुढच्या गुरुवारी परत, आणि शुक्रवारी पुन्हा पाणी. साळूबाईनं बोटावर दोनदा मोजलं आणि मग कुठं बॅग काढली. बॅगेत तिनं ज्वारीचं पीठ घेतलं, ठेचा घेतला, आणि कपड्यांत गुंडाळून घरच्या पाण्याच्या सहा बाटल्या घेतल्या. डोंगरावर पाणी कुठलं, असं तिचं म्हणणं. पस्तीस वर्षांत एवढ्या एका गोष्टीवर नवराबायकोचं एकमत झालं.

नानासाहेबांच्या गच्चीवरून रोज विमानं जात, पण बसायची वेळ पहिलीच. विमानाची खिडकी त्यांना लहान वाटली. दिल्लीचं स्टेशन घाण वाटलं. रात्रीच्या रेल्वेत वरच्या बर्थवरचा माणूस घोरला, आणि सकाळी जीपवाल्यानं एवढी वळणं घेतली की नानासाहेबांनी दोनदा उतरून सकाळचा नाष्टा दरीला अर्पण केला. दुसऱ्यांदा तोंड पुसत त्यांनी जीपवाल्याला सांगितलं की रस्ता सरळ काढता आला असता, पण इंजिनिअरला अक्कल नव्हती. जीपवाला हो बाबूजी म्हणाला आणि पुढचं वळण घेतलं.

घर रूपा नावाच्या बाईचं होतं. चाळिशीची, काटक, नवरा फौजेत. दगडी घर, खालच्या मजल्यावर सामानाची अंधारी खोली, वरती राहायच्या खोल्या. अंगणात एका दगडी तोंडातून मनगटाएवढी पाण्याची धार पडत होती. खाली दगडाची डोणी, डोणीतून पाट, पाटातून पाणी शेताच्या पायऱ्यापायऱ्यांवरून खाली जात होतं. त्याला ती माणसं धाराच म्हणत. नानासाहेबांनी पहिल्या तासातच निकाल लावला. चहात दूध कमी, खोलीला पंखा नाही, आणि समोरचा तो पांढरा डोंगर फोटोत दाखवला त्यापेक्षा लांब आहे. थंडीनं दात वाजत असताना हा माणूस पंखा नाही म्हणून कुरकुरत होता, आता बोला.

पहिल्याच सकाळी साळूबाईनं घोळ केला. सवयीनं ती पहाटे उठली, बाहेर आली, आणि पाणी आलंय हे बघून तिच्या हातापायांनी मनाला न विचारता काम सुरू केलं. बादल्या भरल्या. कळशा भरल्या. रूपाच्या ओसरीवरची पातेली, दुधाची चरवी, गुरांचं टोपलं सोडून जे जे पोकळ होतं ते ते भरलं. रूपा बाहेर आली तर अंगणात पाय ठेवायला जागा नाही. तिला वाटलं ह्या लोकांची काही पूजा आहे. साळूबाईनं आपल्या तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं की पानी आया था ना, भर लिया. रूपा पोट धरून हसली. मग तिनं विचारलं, तुमच्याकडं किती दिवसांनी येतं? साळूबाईनं सांगितलं, आणि रूपाचं हसू जागच्या जागी थांबलं. ही धार आपली आजेसासू लग्न होऊन आली तेव्हाही अशीच पडत होती, रात्री नाही, उन्हाळ्यात नाही, कधीच थांबली नाही, असं ती म्हणाली.

साळूबाई ऊन येईपर्यंत डोणीच्या कडेला बसून राहिली. नंतर उठून तिनं भरलेलं एकेक भांडं लसणाच्या वाफ्यात ओतून रिकामं केलं. नानासाहेब वरून बघत होते आणि त्यांना ते अजिबात आवडलं नाही. भरलेलं पाणी ओतून देणारी बाई त्यांनी आपल्या घरात बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी, नानासाहेब नेहमीसारखे सहाला उठले आणि चहाची वाट बघत पडून राहिले. चहा येईना. मान वळवून बघतात तर साळूबाई शेजारीच झोपलेली. पस्तीस वर्षांत त्यांनी आपल्या बायकोला उजेडात झोपलेलं कधी बघितलं नव्हतं. त्यांनी डोळे उघडायच्या आधी ती उठलेली असायची आणि मिटल्यावर झोपायची. त्यांना वाटलं, हिला काही झालं. कपाळाला हात लावला, कपाळ गार. ती कुशीवर झोपली होती, गालाखाली हात घेऊन, तोंड जरा उघडं. डोळ्यांखाली काळं होतं ते त्यांना आत्ता दिसलं. कधीपासून होतं कोण जाणे. सात वाजले, आठ वाजले, ती झोपलेलीच, आणि नानासाहेबांचा हात तिला हलवायला दोनदा पुढं जाऊन दोनदा मागं आला.

ते बाहेर येऊन पायरीवर बसले. रूपानं चहाचा पेला दिला आणि चावून खायला गुळाचा खडा. समोरचं धुकं वर गेलं आणि तो पांढरा डोंगर अख्खा उघडा पडला. नानासाहेब बसून राहिले. गूळ बरा होता. ऊन पाठीला लागत होतं. आत आपली बायको झोपली आहे ह्या एवढ्याशा गोष्टीनं त्यांना असं निवांत वाटत होतं की त्यांचा त्यांना संशय आला. पूर्ण एक तास त्या माणसानं कशातच खोट काढली नाही. तास संपल्यावर आपण काय करतोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना शरम वाटली. वाकळ्यानं बघितलं असतं तर?

त्या दिवशी साळूबाई रूपाबरोबर रानात गेली आणि दुपारी काटक्यांचा भारा घेऊन आली. दोघी बोलत होत्या. एकीची भाषा दुसरीला निम्मी कळत होती आणि निम्म्यावरच हसत होत्या. साळूबाईला असं खो खो हसता येतं हे नानासाहेबांना नवीन होतं. ते ऐकायला त्यांना बरं वाटलं, खरं सांगायचं तर लई बरं वाटलं. पण संध्याकाळी भाकरी मोडता मोडता ती सहज म्हणाली की पंधरा दिवस राहता आलं असतं तर. आणि नानासाहेबांनी हातातला घास ताटात ठेवला. शुक्रवार तोंडावर होता. ही बाई अशी नऊ नऊ वाजेपर्यंत झोपायला लागली, हसायला लागली, पंधरा पंधरा दिवस म्हणायला लागली, तर घर कोण चालवणार? त्यांनी मनाशी शोध घेतला आणि खोट सापडली. बायकोत नव्हती, डोंगरात नव्हती. त्या पाण्यात होती. रात्रंदिवस फुकट पडणारं ते पाणी तिला बिघडवत होतं.

मंगळवारी उजाडायच्या वेळेला ते जागे होऊन धारेचा आवाज ऐकत पडले होते. बादली भरायला किती वेळ, तासाला किती ड्रम, आपल्या अख्ख्या गल्लीचं आठ दिवसांचं पाणी इथं एका सकाळीत उतारावरून वाहून जातंय, असा हिशेब करून करून त्यांचं डोकं फिरलं. पाण्याची किंमत नाही ह्या लोकांना. ते उठले, साळूबाईच्या भाऱ्यातली एक जाड काटकी घेतली, तिला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, वरून आपला टॉवेल गुंडाळला, आणि तो बोळा दगडी तोंडात ठोकून बसवला. काम चोख झालं. तेहतीस वर्षं माल बांधून परत पाठवलेला हात होता. आवाज थांबला, अंगण शांत झालं, आणि नानासाहेब वर जाऊन पांघरूण घेऊन झोपले. दोन दिवसांत त्यांना पहिल्यांदा गाढ झोप लागली.

नऊ वाजता खालून आरडाओरडा ऐकू आला. धारेच्या मागं, घराच्या भिंतीला लागून, झऱ्याचं पाणी जमा व्हायचा बांधीव खड्डा होता. तोंड बंद झाल्यावर पाणी काय बसून राहणार? खड्डा भरला, पाणी भिंतीतून झिरपलं आणि खालच्या अंधाऱ्या खोलीत घोट्याएवढं साचलं. त्या खोलीत रूपानं लावणीसाठी राखलेलं बटाट्याचं बियाणं पसरलेलं होतं. आठ दिवसांवर लावणी. खालच्या वाडीचा एक म्हातारा आपल्या गुरांची डोणी कोरडी पडली म्हणून काठी टेकत वर आला होता. सगळ्यांनी मिळून दगडी तोंडात बघितलं. टॉवेलवर कारखान्याचं नाव आणि ‘प्रदीर्घ सेवेबद्दल’ असं छापलेलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

रूपानं बोळा ओढून काढला. ती ओरडली असती तर नानासाहेबांना सोपं गेलं असतं, ओरडणाऱ्या माणसाला कसं उत्तर द्यायचं ते त्यांना येत होतं. ती पदर खोचून खोलीत उतरली आणि टोपल्या भरून बटाटे बाहेर काढायला लागली. नानासाहेबांनीच मग त्या म्हाताऱ्याला हिंदीतून भाषण दिलं की पाणी वाया जात होतं, आमच्याकडं एका थेंबाची किंमत आहे. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, वाया कुठं जात होतं, खाली मी आहे, माझ्या खाली दुसरं गाव आहे. नानासाहेब मग रूपाकडं वळले. नुकसान भरून देतो म्हणाले, तर रूपा टोपलीवरून मान वर न करता म्हणाली की बाबूजी, पैसा शेतात लावला तर उगवत नाही.

साळूबाई तोवर खोलीत उतरली होती. दुपारपर्यंत दोघींनी बटाटे उपसले, पुसले, सडतील ते बाजूला काढले आणि बाकीचे ओसरीच्या सावलीत एकेक सुटा करून मांडले. नानासाहेब पायरीवर बसून होते. त्यांना कोणी बोलावलं नाही आणि हाकललंही नाही. दुपारी साळूबाई हात धुवायला धारेपाशी आली तेव्हा ते खाली जाऊन म्हणाले की झालं ते झालं, आता सामान आवर, सकाळी सातला जीप आहे.

साळूबाई म्हणाली की ती येणार नाही. बटाटे रोज परतावे लागतील, नासके काढावे लागतील, रूपा एकटी आहे, आणि हे करून ठेवलंय ते आपल्या माणसानं. तिनं हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं की नानासाहेबांना आधी समजलंच नाही.

“आन् शुक्रवारी पाणी कोण भरणार?” ते म्हणाले.

साळूबाईनं त्यांच्याकडं बघितलं. असं तिनं कधी बघितलं नव्हतं. कारखान्यात नापास झालेल्या मालाकडं नानासाहेब बघायचे तसं बघितलं.

“माझी आई गेली, त्या दिवशी पाण्याचा दिवस व्हता,” ती म्हणाली. “सकाळी सहाला भावाचा फोन आला, आई शेवटाला लागली, लगेच ये. तेवढ्यात नळ आला. तुम्ही म्हणलात, भरून जा, आठ दिवस मी काय करू. मी भरलं. मग पैठणची एस्टी धरली. मी दारात गेले तर तिला खाली घेतलेलं. साळू आली का, साळू आली का, म्हणत व्हती म्हणे अकरापर्यंत.”

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आपण तसं म्हणालो होतो हे नानासाहेबांना आठवतही नव्हतं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

“मी काय तुमच्याशी भांडत नाय,” साळूबाई म्हणाली. “मी फकस्त येत नाय. परत कधी येईन तेबी आत्ता सांगता येणार नाय.”

ती बटाट्यांकडं निघून गेली. बुधवारी सकाळी नानासाहेब एकटेच जीपमध्ये बसले. रूपानं वाटेत खायला पराठे बांधून दिले होते, ते घेताना त्यांची मान वर होईना. सात तासांच्या वळणांत त्यांनी जीपवाल्याला एक शब्दही सुनावला नाही. घर आपलं आहे, पाणी आपणही भरू शकतो, त्यात काय एवढं, मोटार तर लावायची, असं ते दिल्लीपर्यंत स्वतःला सांगत होते. ती येईल आपण होऊन, जाईल कुठं, असंही सांगत होते. आणि नाही आली तर, हे मधेच वर यायचं तेव्हा ते खिडकीबाहेर बघायचे.

शुक्रवारी सकाळी सातला शेजारच्या भिंतीवरून गोजरबाईची हाक आली. गोजरबाई म्हणजे पलीकडच्या घरातली सत्तरीची म्हातारी, एकटी, मुलगा नाशिकला. नळ आला, साळू कुठंय, म्हणून ती विचारत होती. साळू नाही म्हटल्यावर तिनं नानासाहेबांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, मग आता?

आता काय, नानासाहेबांनी मोटारीचं बटण दाबलं. मोटार नुसती घुर्र करत राहिली. गोजरबाईनं भिंतीवरून सांगितलं की आधी तिच्यात तांब्यानं पाणी ओतावं लागतं, हवा काढावी लागते. ओतलं. मग पाणी आलं ते गढूळ. पहिलं पाणी हौदात घेतलं का, म्हणून ती वरून ओरडली, ते धुणंभांड्याच्या ड्रमात घ्यायचं असतं. मग हौद रिकामा करा, तळाचा गाळ काढा, वाकून फडक्यानं पुसा, परत सोडा. पिण्याचं वेगळं, गाळून. मग पाइप ओढत गच्चीवर. वर चढवेपर्यंत खाली ड्रम उतू गेला. खाली येईपर्यंत वरचा पाइप निसटला. व्हॉल कुठला उघडा ठेवायचा आणि कुठला बंद, हे ज्या घरात बावीस वर्षं काढली त्या घरात त्यांना एक सत्तरीची बाई भिंतीपलीकडून बोट दाखवून सांगत होती. मधे एकदा ते शेवाळावर घसरून बसले. कंबरेत कळ आली, डोळ्यांत पाणी आलं.

सगळं उरकलं असं त्यांना वाटलं तेव्हा गोजरबाईनं भिंतीवरून आपल्या पाइपाचं तोंड अलीकडं सोडलं आणि म्हणाली, माझे दोन ड्रम. तिच्या घरापर्यंत नळाची धार चढत नाही, म्हणून नऊ वर्षं साळूबाई इकडून तिचे ड्रम भरून देत होती. मला हे माहीत नव्हतं, नानासाहेब म्हणाले.

“तुम्हाला काय माहीत असतं, नाना?” गोजरबाई म्हणाली, आणि पाइप नीट धरा म्हणाली.

नळ गेला तेव्हा साडेदहा वाजले होते. नानासाहेब भिजल्या पँटीनं ओट्यावर टेकले. हाताला फोड आले होते. घड्याळाकडं बघून त्यांनी मनात बोटं मोजली. सात ते साडेदहा. साळूची आई गेली त्या दिवशी सहा ते साडेनऊ. साडेनऊला घरातून निघालेली बाई सेंट्रल बसस्टँडवर कधी पोहोचणार, पैठणची गाडी कधी मिळणार, गावात कधी उतरणार. सहाला निघाली असती तर नऊला, फार तर साडेनऊला दारात असती. म्हातारी अकरापर्यंत हाका मारत होती. पुन्हा मोजून बघितलं. हिशेबात खोट काढायला ते आयुष्यभर बसले होते, ह्यात एकही निघेना.

त्यांनी फोन लावला. पाणी भरलं, आता पुरे झालं, निघून ये, असं दमात सांगायचं ठरवून लावला होता. पलीकडून साळूबाई बोला म्हणाली.

“साडेतीन तास लागले,” नानासाहेब म्हणाले.



“व्हय,” साळूबाई म्हणाली. “तेवढेच लागतात.”

नानासाहेबांनी फोन तोंडापासून लांब धरला. मग जवळ घेतला आणि विचारलं, मी तिकडं येऊ का? पस्तीस वर्षांत त्यांनी बायकोला परवानगी विचारली नव्हती, त्यामुळं ते विचारताना वाक्य मधेच तुटलं.

“मला न्यायला येणार असाल तर येऊ नका,” ती म्हणाली. “ऱ्हायला येणार असाल तर या.”

पुढचं पाणी पुढच्या शनिवारी येणार होतं. नानासाहेब उठले, आतून घराची किल्ली घेतली आणि गोजरबाईकडं द्यायला गेले.